कान फुटतो तेव्हा आत काय चालू असतं

(प्रभागसंघाच्या भाद्रपदातल्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी जसं बोलल्या तसंच बहुतेक ठेवून छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचलं तरी चालेल.)



अजेंड्यावर माझ्या नावापुढे फक्त 'आरोग्य, कान' एवढंच लिहिलंय. मागच्या महिन्यात मी हा विषय सुचवला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं होतं, कानावर काय बोलायचं एवढं? रक्तवाढीवर बोला, गर्भपिशवीवर बोला. ते खरंच आहे, त्यावर आपण बोललोही आहोत आणि पुन्हा बोलू. पण गौरी नुकत्याच गेल्यात. दसरा झाला की गाड्या भरायला लागतील. आपल्या इथल्या निम्म्याहून जास्त गटांतल्या ताई कोयत्यावर जातील, लेकरं सोबत जातील, आणि थंडीत, कोपीत, चुलीच्या धुरात त्यांना सर्दी होईल. सर्दी झाली की कान ठणकेल. म्हणून हे आत्ताच बोलायचं होतं.

आधी एक गोष्ट सांगते. ज्या ताईची आहे तिला विचारून सांगतेय, नाव सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वी ती पाडव्याला कारखान्यावरून परत आली. सोबत सहा वर्षांचा पोरगा. शाळेत घातला तर गुरुजी म्हणाले, याचं लक्षच नसतं, हाक मारली तरी बघत नाही. घरीही तेच. पाणी आण म्हटलं की खेळत बसायचा. तिने त्याला दोन-चारदा चांगला चोप दिला. मग आरोग्य तपासणीची गाडी शाळेत आली, त्यांनी कान बघितला. दोन्ही कानांच्या पडद्याला भोक. कारखान्यावर असताना तीन महिने कान वाहत होता, तिने कापूस घालून ठेवला होता. गटाच्या बैठकीत कर्ज मागायला आली तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, ऐकत नाही म्हणून मी मारलं त्याला. त्याला ऐकूच येत नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कारण मलाही उजव्या कानाने कमी ऐकू येतं. तुमच्या लक्षात आलं असेल, मी बैठकीला नेहमी अशी बसते की तुम्ही सगळ्या माझ्या डाव्या हाताला याल. काहींना वाटतं मॅडमला कोपरा आवडतो. तसं नाही. मी चौथीत असताना माझा कान फुटला होता. कसा ते पुढे सांगते.

आता कानाच्या आत जाऊ. बाहेरून दिसतो तो कान, त्याच्या आत बोळ, आणि बोळाच्या शेवटी पडदा. शर्टाच्या गुंडीएवढा, पातळ. पडद्याच्या पलीकडे वाटाण्याएवढी एक खोली आहे. तिला मधला कान म्हणतात. त्या खोलीत तीन हाडं असतात, अगदी बारीक, त्यातलं एक तर आपल्या शरीरातलं सगळ्यात छोटं हाड आहे. पडदा हलला की ही हाडं हलतात आणि आवाज पुढे आतल्या कानात जातो. आपण ज्याला कान ठणकणं म्हणतो, ते लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा या मधल्या खोलीतलं दुखणं असतं.

या खोलीला एक चोरवाट आहे. खोलीतून एक नळी निघते आणि खाली नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. घाटातून एसटी चढते तेव्हा कानाला दडे बसतात नं? मग आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, आणि टक् करून कान मोकळा होतो. ती हीच नळी. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते, खोलीत ताजी हवा जाते. हवा गेली नाही तर पडदा आत ओढला जातो आणि खोलीत पाणी साठायला लागतं.

मोठ्या माणसात ही नळी साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि चांगली उतरती असते, आपल्या छपराच्या पन्हळीसारखी. तान्ह्या बाळात ती त्याच्या निम्मी असते आणि जवळजवळ आडवी. म्हणजे नाकातली घाण कानात चढायला रस्ता जवळचा आणि सोपा. म्हणून तर तीन वर्षांचं होईपर्यंत बहुतेक लेकरांचा कान एकदा तरी दुखतो. यात आईची चूक नसते. "वारं लागलं", "डोक्याला टापर बांधलं नाही" असं म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासवांनी हे जरा ऐकून ठेवा. कान उघडा ठेवून, अर्थात.

आता मला तुम्हाला जे खरं सांगायचंय ते इथून पुढे आहे. एवढा सोपा रस्ता असूनही प्रत्येक सर्दीत प्रत्येक लेकराचा कान का फुटत नाही? कारण त्या रस्त्यावर राखण आहे. आपल्या नाकाच्या मागे रोगाचे जंतू कायम राहतात, तुमच्या माझ्याही. ते रोज वर चढायला बघतात आणि शरीर त्यांना रोज परत पाठवतं. कुठलंही औषध न घेता. याला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. उपजत म्हणजे बाळ जन्मताना सोबत घेऊन येतं ती, शिकवावी न लागणारी. दुसरी असते शिकलेली प्रतिकारशक्ती, लस दिल्यावर किंवा एकदा आजार होऊन गेल्यावर येते ती. पण शिकायला वेळ लागतो. नवीन जंतू आला की त्याची ओळख पटवून खास हत्यार बनवायला शरीराला आठवडाभर तरी जातो. आणि दोन वर्षांखालची लेकरं काही जंतूंच्या बाबतीत हे नीट शिकूच शकत नाहीत. तोपर्यंत दार कोण धरून ठेवणार? उपजत राखणदार.

पहिला राखणदार आहे आपला शेंबूड. हसू नका. (हशा.) त्या नळीच्या आत चिकट पाण्याचा थर असतो. जंतू, धूळ, सगळं त्यात अडकतं, माशी गुळाला चिकटते तसं. आणि त्या थराखाली डोळ्याला न दिसणारे बारीक केस असतात, लाखोंनी. ते सगळे एका दिशेला हलत राहतात, वाऱ्याने गव्हाचं शेत हलतं तसे. दिशा ठरलेली, कानाकडून घशाकडे. म्हणजे झाडू मारणारी बाई जशी ओसरीवरून अंगणाकडे लोटत जाते, तसं ते घाण खाली लोटतात. घशात आली की आपण गिळून टाकतो आणि पोटातल्या आम्लात ती मरते. झोपेतही हे काम चालू असतं.

त्या चिकट पाण्यात नुसता गोंद नाही, औषधही आहे. इथे मला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे डॉक्टर होते, ज्यांनी 1928 साली पेनिसिलिन शोधलं तेच. त्याच्या सात वर्षं आधी, 1921 मध्ये, त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी स्वतःच्या नाकातलं पाणी जंतू वाढवायच्या बशीत टाकून ठेवलं. काही दिवसांनी बघतात तर त्या थेंबाच्या आजूबाजूचे जंतू विरघळलेले! म्हणजे पेनिसिलिनच्या आधी त्यांना सापडलं ते आपल्या नाकातलं औषध. त्याला लायसोझाइम म्हणतात. ते डोळ्याच्या पाण्यात असतं, थुंकीत असतं, अंड्याच्या पांढऱ्यात असतं आणि आईच्या दुधात असतं. ते जंतूची भिंत फोडतं. कानाच्या नळीतही ते झिरपत असतं.

अजून एक आहे, त्याचं नाव लॅक्टोफेरिन. नाव विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा. आपल्याला आशाताई लोहाच्या गोळ्या देतात नं? रक्त वाढायला लोह लागतं. तसंच जंतूंनाही वाढायला लोह लागतं. लॅक्टोफेरिन काय करतं, जिथे जंतू आलेत तिथलं लोह धरून ठेवतं, कुलूप लावतं. जंतू उपाशी मरतात. आपल्या गटाची पेटी तीन चाव्यांशिवाय उघडत नाही, तसंच. आणि हे सगळ्यात जास्त कशात असतं माहितीये? चिकात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या पिवळ्या दुधात. जे अजूनही काही घरांत पिळून टाकतात.

तिसरे आहेत ते सुईसारखे बारीक प्रथिनांचे कण. ते जंतूच्या अंगाला भोकं पाडतात. त्यांना डिफेन्सिन म्हणतात. एवढं पुरे.

हे सगळं झाल्यावरही जंतू खोलीत पोचले तर? सर्दीत असं होतं. सर्दीचा विषाणू ते झाडू मारणारे केस खराब करतो, नळीला सूज येते, ती उघडत नाही. पाणी साठतं, जंतूंना आयतं डबकं मिळतं. तेव्हा खोलीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी ओळखतात की हे आपलं नाही. प्रत्येक जंतूची वेगळी ओळख त्यांना लागत नाही. गावात अनोळखी माणूस शिरला की कुत्री भुंकतात, त्याचं आधार कार्ड बघत नाहीत, तसं. त्या पेशी रक्ताला निरोप पाठवतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, खोलीत उतरतात, जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे दुसरं काही नाही, त्या लढाईत मेलेले दोन्हीकडचे. ताप येतो तो यामुळेच. ठणका लागतो तो यामुळे की वाटाण्याएवढ्या खोलीत एवढी गर्दी झाली की पडद्यावर दाब येतो. मग मागून दुसऱ्या पेशी येतात, मढी उचलणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या.

आणि बहुतेक वेळा शरीर ही लढाई जिंकतं. चांगल्या धडधाकट लेकराचं कानाचं दुखणं बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतं. म्हणून सहा महिन्यांच्या पुढचं, एरवी ठीक असलेलं लेकरू असेल, ताप फार नसेल, तर डॉक्टर कधी कधी म्हणतात की दोन दिवस बघू, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्या, लगेच अँटिबायोटिक नको. तेव्हा "या डॉक्टरला काही येत नाही" म्हणून दुसऱ्याकडे सुई मारायला पळू नका. आणि घरात उरलेल्या, मोठ्या माणसाच्या, शेजारणीच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका. मात्र डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर सांगितले तेवढे दिवस पूर्ण द्यायचं, बरं वाटलं म्हणून मधेच बाटली ठेवून द्यायची नाही.

आता फुटलेल्या कानाबद्दल. तुम्ही सगळ्यांनी बघितलं असेल, लेकरू रात्रभर रडतं, पहाटे उशीला पिवळं पाणी लागतं आणि मग ते शांत झोपतं. आपण म्हणतो, बरं झालं, फुटलं आणि मोकळं झालं. दुखणं कमी होतं ते खरंच आहे, कारण दाब गेला. पण मोकळं झालं म्हणजे संपलं नाही. पडद्याला भोक पडलंय. ते भोकही बहुतेक वेळा शरीर स्वतः बुजवतं, थोड्या आठवड्यांत, पण एका अटीवर. कान कोरडा राहिला पाहिजे. भिंत पडलेली असताना घरात पाणी शिरलं तर भिंत कशी बांधणार? विहिरीचं, कॅनॉलचं, अंघोळीचं पाणी आत गेलं की बाहेरचे वेगळे जंतू आत येतात, भोक तसंच राहतं आणि कान वर्षानुवर्षं वाहत राहतो.

माझं असंच झालं. मी चौथीत. कान ठणकत होता, आजीने लसूण घालून तेल कडवलं आणि कोमट करून कानात घातलं. आजीने प्रेमाने घातलं, तिच्या आईने तिला तेच केलं होतं. पण पडदा आधीच फुटलेला होता हे कुणाला दिसणार? तेल सरळ खोलीत गेलं. मग वर कापूस दाबला. मग चार दिवसांनी मी नदीत पोहायला गेले. एक जण दोषी असं काही नाही त्यात. कॉलेजला असताना पडद्याचं ऑपरेशन झालं, कान वाहायचा थांबला, पण गेलेलं ऐकू पूर्ण परत आलं नाही.

आजी, तुम्ही मघापासून हात वर केलाय, विचारा. (एका आजींनी विचारलं: "मग तेल घालायचंच नाही का गं? आम्ही तर तान्ह्याच्या अंघोळीला नाकात-कानात तेल घालूनच लेकरं मोठी केली.") आजी, टाळूला लावा, अंगाला चोळा, बाळाला छान झोप लागते. नाकात आणि कानात नको. नाकात घातलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. कानाचं म्हणाल तर बाहेरच्या बोळाला तेलाची गरज नसते, तिथे देवाने आधीच मळ दिलाय. तो मळ घाण नाही, तोही राखणदारच. चिकट असतो, थोडा आंबट असतो, जंतू आणि किडा-मुंगी अडवतो. आणि बोळाची कातडी आतून बाहेर सरकत असते, आपण चावतो तेव्हा जबडा हलतो, मळ हळूहळू आपोआप बाहेर येतो. आपण हेअरपिन, आगकाडी, उदबत्तीची काडी घालतो तेव्हा बाहेर येणारा मळ परत आत ढकलतो. बाजारात कान साफ करून देणाऱ्यापुढे तर बसूच नका. दिसतो तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसला की झालं.

कान वाहत असेल तर काय करायचं ते हातानेच करून दाखवते. हे स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेलं सुती फडकं. त्याची अशी वात वळायची, देवाच्या समईची वळतो तशीच, थोडी जाड. कानात हलकेच ठेवायची, रेटायची नाही. ओली झाली की काढून टाकायची, दुसरी नवी ठेवायची, असं कान कोरडा होईपर्यंत. दिवसातून तीन वेळा. वात आत ठेवून द्यायची नाही, कापूस कोंबून दार बंद करायचं नाही, कारण आतला पू बाहेर यायला हवा. कानात दुसरं काहीही घालायचं नाही. तेल नाही, पानाचा रस नाही, दूध नाही, दुकानातून आणलेले थेंबही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. अंघोळीला तेवढ्यापुरता कापसाला व्हॅसलीन लावून बाहेरच्या बाजूला धरायचा, मग काढायचा. आणि कान वाहतोय म्हणजे दवाखाना दाखवायचाच, वात हा दवाखान्याच्या जोडीचा उपाय आहे, बदली नाही. चौदा दिवसांच्या वर वाहिला तर तो जुनाट कान झाला असं धरतात, मग कानाच्या डॉक्टरांकडेच. घाण वास येत असेल तर चौदा दिवसही थांबू नका.

काही वेळा राखणदार हरत असतात आणि ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि कान ओढतंय, रडतंय, दूध सोडतंय, तर वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी न्यायचं. मोठ्या लेकराला 102 च्या वर ताप, किंवा दोन दिवस झाले तरी दुखणं तसंच, तर न्यायचं. आणि कानाच्या मागच्या हाडावर सूज आली, दाबलं की लेकरू किंचाळतंय, कान पुढे ढकलल्यासारखा दिसतोय, तर रात्र असो की टोळीचा हंगाम जोरात असो, तसंच उठून मोठा दवाखाना गाठायचा. मान ताठ होणं, सारख्या उलट्या, झटके, तोंड एका बाजूला वाकडं होणं, लेकरू गुंगीत जाणं, यातलं काहीही दिसलं तरी तेच. तो पू हाडात, तिथून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मुकादम रागावेल, खाडा धरेल, हे मला माहितीये. तरीही.

आता राखणदारांची ताकद वाढवायची कशी, यापेक्षा मी म्हणेन त्यांच्या वाटेत आपण येऊ नये. सगळ्यात मोठा शत्रू धूर. मघाशी सांगितलेले ते झाडू मारणारे केस धुराने लुळे पडतात. चुलीचा धूर, बिडीचा धूर, बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि धुरी. आणि अजून एक आहे, त्यावर कुणी बोलत नाही. मिश्री. तव्यावर तंबाखू भाजताना जो धूर होतो तो तंबाखूचाच धूर आहे, आणि आपण लेकरू मांडीवर घेऊन भाजत बसतो. मिश्री सोडा असं म्हणायला मी आज आले नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. निदान भाजताना लेकरू जवळ नको. कोपीवर सिलेंडर नेता येत नाही सगळ्यांना, मान्य आहे. चूल कोपीच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला मांडता येते का बघा, पाच-सहा कोप्यांनी मिळून आडोसा केला तर जमतं. मागच्या हंगामात काही जणींनी केलं होतं.

दुसरं दूध. सहा महिने फक्त अंगावरचं, चिकासकट. त्यात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि आईच्या शिकलेल्या शक्तीचा वाटाही असतो. फडात असताना ते अवघड आहे, पहाटे चारला निघायचं आणि बाळ मोठ्या बहिणीकडे सोपवायचं, बाटली त्यातूनच येते. बाटली द्यावीच लागली तर ती स्वच्छ हवी, आणि पोरीला एवढं शिकवा की बाळाला आडवं झोपवून बाटली तोंडात देऊन खेळायला जायचं नाही. आडव्या बाळाची नळी आडवी, दूध सरळ कानाकडे जातं. डोकं वर धरायचं. वाटी-चमच्याने पाजता आलं तर अजून चांगलं.

तिसरं लस. 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात पीसीव्ही नावाची लस आहे, दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना. ती निमोनियासाठी म्हणून देतात, पण कान फुटायच्या मोठ्या कारणांपैकी एक जंतू तोच आहे. सगळ्या कानदुखीला ती थांबवणार नाही, काही प्रमाणात थांबवेल. हंगामात डोस चुकतो, म्हणून कार्ड सोबत घ्या, कारखान्याच्या गावातही देतात. अ जीवनसत्त्वाचा डोसही चुकवू नका, आतलं अस्तर शाबूत ठेवायला ते लागतं.

ठणका गेल्यावरही एक काम राहतं. दुखणं थांबल्यावर खोलीत पाणी काही आठवडे राहू शकतं. दहातल्या नऊ लेकरांचं तीन महिन्यांच्या आत आपोआप जिरतं. तोवर त्याला ऐकू कमी येतं, विहिरीत बुडी मारल्यावर ऐकू येतं तसं. एखाद्याचं जिरतच नाही. म्हणून लेकराच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नाव घेऊन बघा. त्याने तुमचं तोंड बघता कामा नये. दोन-तीनदा वळलं नाही तर त्याला मारू नका, तपासायला न्या. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ती गाडी तुम्ही बघितली असेल. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत आहेत, आणि वाहता कान त्यांच्या यादीत आहे. त्या दिवशी लेकराला रानात न्यायचं नाही, शाळेत पाठवायचं.

ज्या ताईची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिच्या पोराच्या एका कानाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी आहे. आता तो वर्गात पहिल्या बाकावर बसतो. गुरुजींनीच बसवलाय. या वर्षी ती त्याला कारखान्यावर नेणार नाही, आजीजवळ ठेवणार आहे. तो निर्णय तिच्यासाठी सोपा नव्हता.

सीआरपी ताईंना एक विनंती आहे. दसऱ्याच्या आत प्रत्येक गटाच्या बैठकीत विचारा, कोण कोण जाणार, सोबत किती लेकरं, कुणाचा कान वाहतोय किंवा वाहून गेलाय. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या आणि घटस्थापनेपर्यंत माझ्याकडे द्या. आरोग्य पथकाला फोन करून गाड्या भरायच्या आधी तपासणी लावायचा प्रयत्न मी करतेय. नावं किती आहेत हे हातात असलं की बोलायला सोपं जातं. ज्यांना वात वळून बघायची आहे त्या जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे या, फडकी आणली आहेत. आणि काही विचारायचं असेल तर माझ्या डाव्या बाजूने विचारा.

पुढचा विषय थकीत हप्त्यांचा आहे, तो सचिवताई घेतील.